पंधरावी ओळ

“लिहा, तेरावं. एरंडाचं तेल आणि त्यात चुन्याची निवळी,” लांबच्या नात्यातल्या विट्याच्या काकी म्हणाल्या.

वही माझ्या मांडीवर उघडीच होती. “कुणी सांगितलं तेही लागतं, काकी.”

“माझ्या चुलतसासूनं.”

“आहेत अजून?”

“बावीस वर्षं झाली जाऊन.”

“मग सल्लागाराच्या नावामागं ‘कै.’ लावते,” मी म्हणाले. पलीकडे फुगे फुगवत बसलेला माझा भाऊ मुकुंद इतका खदखदून हसला, की त्याच्या तोंडातला फुगा सुटला, फुर्रकन खोलीभर फिरला आणि काकींच्या अंबाड्यावर जाऊन बसला.

मे महिना होता. तासगावात आमच्या घरी त्या दुपारी मुकुंदच्या मुलीचं बारसं होतं. पोरगी चार महिन्यांची. एवढे दिवस थांबलो ते तिच्या गालांमुळे. दोन्ही गालांवर, हनुवटीखाली आणि कोपरांच्या वळणात इसब उठलं होतं. लाल, खरखरीत, खाजरं. गावातल्या मुलांच्या डॉक्टरांनी मलम दिलं होतं. ते दिवसातून चारदा थापायचं, कोमट पाण्यानं अंघोळ घालायची, साबण नको, लोकर नको. पण बाळाच्या चेहऱ्यावर काही दिसलं की सल्ला न देता पुढं जाणारा माणूस अजून आमच्या तालुक्यात जन्माला यायचाय.

म्हणून मी वही केली. मी कऱ्हाडच्या एका शाळेत कारकून होते. हजेरीपटातली उरलेली कोरी पानं शिवून आणली, रकाने आखले: क्रमांक, सल्लागार, उपाय, केला काय, गुण आला काय. संध्याकाळच्या चहाला मी ती मोठ्यानं वाचायचे आणि घर हसून लोळायचं. क्रमांक एक, आई: साय-हळद. क्रमांक चार, शेजारच्या शेवंताकाकू: दृष्ट, जुन्या चपलेसह. क्रमांक सात, पुन्हा शेवंताकाकू, या वेळी चप्पल नवी. क्रमांक नऊ, खोत कंपाउंडर: खरूज, नायटा, भेगा, सगळ्याला चालणारी ट्यूब. ‘गुण’ या रकान्यात वरपासून खालपर्यंत मी ‘नाही’ लिहिलं होतं, सुंदर अक्षरात.

माझी भावजय ज्योत्स्ना मात्र या वहीला हसायची नाही. तिच्याकडे स्वतःचा एक कागद होता, डॉक्टरांची चिठ्ठी. तिनं ती कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली होती. तिच्या तळाशी डॉक्टरांनी लिहिलं होतं: ‘ताप, पिवळी खपली किंवा पू, पाण्याचे फोड, डोळ्याजवळ पसरणं, दूध तोडणं. यातलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी दाखवा. बाळाचे मुके कुणीही घेऊ नयेत.’

“मुक्यावर बंदी!” मी म्हणाले होते. “उद्या हसायलाही प्रिस्क्रिप्शन लागेल.”

“अक्का, तुम्ही थट्टा करा. पण आज तेवढं दारात उभं राहाल का? कुणाला सर्दी-खोकला असला, अंगावर काही उठलं असलं, तर पाळण्याजवळ नका येऊ देऊ. माझं कुणी ऐकायचं नाही. तुमचं ऐकतात.”

हे खरं होतं. हजेरी घेणं माझ्या हाडातच होतं.

तर मी दारात उभी राहिले. ठेवणीतली पैठणी, हातात वही आणि, गाव बघत राहिलं, ओठांना गडद लाल लिपस्टिक. आयुष्यात पहिल्यांदाच.

“हे काय थोबाड रंगवलंस, रत्ने?” आई कुजबुजली. “लग्नात लावली नाहीस ती!”

“लग्नात मी नुसती नवरी होते. आज आत्या आहे.”

मुकुंदच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. सात वर्षं मी दुसऱ्यांच्या बारशांना घुगऱ्या खाऊन आले होते आणि दुसऱ्यांच्या आत्यांच्या पाठीवर धपके घातले होते. आता माझी पाळी होती. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तो देवानं मागितला तरी मी सोडला नसता.

हजेरी कडक घेतली. शेवंताकाकू शिंकत आल्या, त्यांना ओसरीवर बसवलं.

“अगं, ही शिंक नव्हे, तपकीर आहे!”

“तपकीरसुद्धा ओसरीवर.”

वरच्या आळीतल्या एका बाईंच्या हाताला खाज होती, त्यांना घुगऱ्यांच्या पातेल्यापाशी नेमणार होते, पण वेळीच लक्षात आलं आणि त्यांचीही रवानगी ओसरीवर केली. विट्याच्या काकींना नखं दाखवायला लावली. त्या म्हणाल्या, “रत्नाताई, तुम्ही पोलिसात का नाही गेलात?” मी म्हणाले, “उंची कमी पडली.”

नावावरून आधीच आठ दिवस लढाई झाली होती. ज्योत्स्नाला ऋतुजा हवं होतं. थर्माकोलवर तेच कापून, चमकी लावून टांगलंही होतं. मला चंद्रलेखा हवं होतं. “पण कानात काय जाणार ते माझ्या हातात आहे,” असं मी मुकुंदला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. तो म्हणाला, “अक्का, तू आणि ज्योत्स्ना काय ते बघा. मी फुगे फुगवतो.”

मग पाळणा हलला. मी वाकले. पोरगी टकामका बघत होती. कानाला ओठ लावून मी कुर्रर्र केलं आणि चंद्रलेखा म्हणाले. एकदा नव्हे, तीनदा. आणि इतक्या जवळून तो दुधाचा वास आला, की चिठ्ठी, डॉक्टर, भावजय सगळं विसरले. उजव्या गालाचा एक मुका घेतला. लांबलचक.

तेवढ्यात पाठीवर धपके सुरू झाले. मी वाकलेल्या अवस्थेतही मोजले. एकूण तेवीस, त्यांतले नऊ एकट्या विट्याच्या काकींचे, नखांच्या तपासणीचा सूड म्हणून. उठले तर पोरीच्या गालावर माझा लाल ठसा.

ज्योत्स्नानं पदराचं टोक पाण्यात बुडवून तो टिपून काढला. मग खिळ्यावरच्या चिठ्ठीकडे एकदा बघितलं.

मी तो आठवडा तिथंच राहिले. शाळेला सुट्टी होती. रोज अंघोळ झाली की आधी लिपस्टिक, मग चहा.

“घरात कांदे चिरायला हा थाट?” आई.

“कांद्यांनाही कळू दे, आत्या आलीय ते.”

शुक्रवारी सकाळी पोरगी कण्हत उठली. अंग चटके बसावेत असं तापलेलं. दूध तोंडात घेतलं आणि सोडलं. उजव्या गालावर एका रात्रीत काहीतरी उठलं होतं. नेहमीची लाली नव्हती. मोहरीएवढे, एकाच मापाचे, दाटीवाटीनं बसलेले पाणीदार फोड. काही फुटून मध्ये खड्डा पडला होता आणि कडेला पिवळी खपली धरली होती. वरची ओळ डोळ्याच्या खालच्या पापणीपर्यंत पोचली होती.

आईनं बघितलं आणि दोन पावलं मागं सरून हातच जोडले. “देवी आल्या.”

“देवी?” मुकुंद म्हणाला.

“कांजिण्या रे! पाहुणी आलीय घरात. आता सुई नाही, औषध नाही, उंबरा ओलांडायचा नाही. दाराला कडुलिंब बांधा. फोडणी घालू नका कुणी.”

“कडुलिंबाचा पाला अंथरून त्यावर निजवायचं,” काकी म्हणाल्या. त्या बारशाला आल्या होत्या त्या अजून गेल्या नव्हत्या. “लिहा रत्नाताई, चौदावं.”

आणि मी, सांगायला आज लाज वाटते, लिहिलं. सवयीनं. हसतसुद्धा होते. “फोडणी बंद म्हणजे मुकुंदाचे हाल,” असं काहीतरी बोलले.

ज्योत्स्ना उठली. खिळ्यावरची चिठ्ठी काढली आणि सगळ्यांसमोर वाचायला लागली, शाळेतली पोरगी वाचते तशी, बोट ठेवून. “ताप. आहे. पिवळी खपली. आहे. पाण्याचे फोड. आहेत. डोळ्याजवळ. आहे. दूध तोडणं. तोडलंय.” मग वर बघितलं. “यातलं एक जरी, असं लिहिलंय. पाचही झाली. मी हिला घेऊन निघाले.”

“उंबरा ओलांडलास तर बघ!” आई ओरडली. “पोरीचं काही बरंवाईट झालं म्हणजे?”

“आई, घरात बसून झालं म्हणजे?”

सात वर्षांत पहिल्यांदाच तिनं सासूला उत्तर दिलं होतं. मुकुंदनं आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि लहानपणापासून जे करतो तेच केलं. माझ्याकडे बघितलं.

“अक्का, तू सांग.”

आईनंही माझ्याकडे बघितलं. मी थोरली. मी नोकरी करणारी. माझ्या शब्दावर घर हलायचं, नाहीतर बसायचं.

“दोन दिवस बघू या,” असे शब्द माझ्या जिभेवर होते. पण बोलण्याआधी एकदा नीट बघावं म्हणून मी पोरीवर वाकले आणि सवयीनं फोड मोजायला लागले. एक, दोन, तीन. सात. आठ. नवव्याशी मी थांबले.

“मुकुंदा,” मी म्हणाले, “टेम्पो काढ. मिरजेला.”

“अहो, पण तुम्हीच आत्ता लिहिलंत ना, चौदावं!” काकी म्हणाल्या.

“लिहिलं ते खोडता येतं. टेम्पो काढ म्हणते ना!”

मुकुंद बेदाण्याच्या शीतगृहात कामाला होता. दारात उभा होता तो मालाचा टेम्पो. पुढं मुकुंद, ज्योत्स्ना आणि मांडीवर पोरगी. मागं बेदाण्याच्या रिकाम्या क्रेटवर मी आणि आई आणि, कुणी बोलावलेलं नसताना, विट्याच्या काकी. आई रागानं हातात कडुलिंबाची फांदी घेऊनच चढली होती. वाटेत टेम्पो खड्ड्यात आदळला की क्रेटमधून उरलेसुरले बेदाणे आमच्या अंगावर उडायचे. काकी ते वेचून खायच्या. “काय गोड आहेत हो,” म्हणायच्या आणि लगेच डोळे पुसायच्या. मी वही पोटाशी धरून बसले होते. पदराचं टोक ओठांवर घट्ट दाबलेलं.

“धूळ लागतीय?” आईनं विचारलं.

“हो,” मी म्हणाले.

मिरजेला त्वचेच्या डॉक्टर होत्या हुक्केरीबाई. जाड भिंगाचा चष्मा, आवाज शाळेच्या घंटेसारखा. त्यांनी पोरीला दिव्याखाली धरलं, गाल बघितला, पापणी हलकेच वर उचलली. चेहरा गंभीर झाला.

“केव्हापासून?”

“आज सकाळी दिसलं,” ज्योत्स्ना म्हणाली.

“आणि सकाळीच आणलंत. बरं केलंत. या कांजिण्या नव्हेत.” आईच्या हातातली फांदी आपोआप खाली गेली. “काय काय लावलंय आतापर्यंत? खरं सांगा. लपवाल तर मला उलटे उपचार करावे लागतील.”

आई छताकडे बघायला लागली. काकी आपल्या नखांकडे. मी वही पुढं केली.

हुक्केरीबाईंनी पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. चौथीशी ओठ थरथरले. सातवीला, नव्या चपलेशी, त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “हे कुणी लिहिलं?”

“मी.”

“तीस वर्षं दवाखाना चालवतेय, इतका चोख इतिहास कुणी आणून दिला नव्हता. साय-हळद केली, ‘होय’. दृष्ट, ‘होय’. चुन्याची निवळी?”

“तेवढी केली नाही,” काकी घाईनं म्हणाल्या. “एरंडेल मिळालं नाही.”

“एरंडेलाचे आभार माना. आणि ही क्रमांक नऊची ट्यूब? ही लावली?”

“तीन दिवस,” आई पुटपुटली. “सूनबाई झोपल्यावर. लाली लगेच गेली होती हो.”

ज्योत्स्नानं सासूकडे वळून बघितलं. आईनं कडुलिंबाची पानं मोजायला घेतली.

“लाली जाते आणि आतली कातडी पातळ होते. तान्ह्या चेहऱ्याला ती कंपाउंडरनं द्यायची नसते.” डॉक्टरांनी वही माझ्याकडे सरकवली. “इसब असलेली कातडी म्हणजे कडी नसलेलं दार. जे येईल ते आत शिरतं. हिच्यात दोन गोष्टी शिरल्यात. एक पू करणारे जंतू, ती ही पिवळी खपली. त्यांचं औषध सोपं आहे. दुसरी गोष्ट घाईची आहे. हे फोड. माणसाच्या ओठावर ताप उतू जातो ना, बारीक फोडांचा पुंजका येतो, तोच आजार हा. मोठ्या माणसाला आठ दिवसांत जातो. इसबवाल्या बाळाला लागला तर चेहराभर पसरतो, डोळ्यात शिरला तर नजर जाते, अंगात भिनला तर त्याहून वाईट. हिला दाखल करायचं, शिरेतून औषध सुरू करायचं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता बोलावायचं.” त्या थांबल्या. “गेल्या आठ-दहा दिवसांत ओठावर तसं काही असलेलं कुणी हिच्याजवळ आलं होतं?”

“छे,” मुकुंद म्हणाला. “आमची अक्का दारात उभी होती. सर्दीवालीलासुद्धा आत सोडलं नाही तिनं.”

“खरं आहे,” काकी म्हणाल्या. “माझी नखं बघितली हो.”

सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते. ज्योत्स्नासुद्धा.

मी टेबलावरचं पेन उचललं. चौदाव्या ओळीखाली रेघ मारली आणि लिहिलं: पंधरा. सल्लागार: रत्नप्रभा. उपाय: मुका. केला काय: होय. मग रुमाल काढला आणि लिपस्टिक पुसली.

उजव्या कोपऱ्यात खपली होती, वाळत आलेली. बारशाच्या दोन दिवस आधी ते फोड आले होते. लहानपणापासून येतात. आमच्याकडे म्हणतात, ताप अंगातून बाहेर पडला, बरंच झालं. त्यात वाईट काही असेल असं वाटलं नव्हतं. पण दारात उभी राहून दुसऱ्यांना परत पाठवणाऱ्या बाईला ते दिसू द्यायचं नव्हतं, एवढं मात्र मला पक्कं माहीत होतं. सकाळी पोरीवर वाकून मोजत होते, तेव्हा नवव्या फोडाशी माझ्या ध्यानात आलं, की हे फोड मी आठवडाभर आरशात बघतेय.

आई म्हणाली, “म्हणून कांदे चिरताना!”

हुक्केरीबाईंनी पंधरावी ओळ वाचली. “पेशंटकडून एवढं ऐकायला मला तीन भेटी लागतात,” म्हणाल्या. “आता बाळापासून लांब. खपली जाईपर्यंत. हात धुवा, तो रुमाल इथं टाका.”

डोळ्यांचे डॉक्टर तासाभरात आले. बुबुळापर्यंत पोचलं नव्हतं. “आणखी एक-दोन दिवस घरी राहिला असतात तर मी हे बोललो नसतो,” म्हणाले.

वऱ्हांड्याच्या बाकावर मी ज्योत्स्नाची वाट बघत बसले. ती बाहेर आली. तिनं ओरडावं, चार शब्द सुनवावेत, म्हणून मी तयार होते. मनातल्या मनात मोजायलाही सज्ज होते.

“वही द्या,” ती म्हणाली.

मी दिली. तिनं ती पिशवीत घातली आणि आत गेली.

नऊ दिवस पोरगी दवाखान्यात होती. मी रोज कऱ्हाडहून यायचे आणि अंगणातल्या गुलमोहराखाली बसून जायचे. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पाचव्या दिवशी ती दूध इतकं प्यायली की मुकुंदनं खिडकीतून बोटांनी आकडे करून मला दाखवले. नवव्या दिवशी पहिल्या मजल्याची खिडकी उघडली. ज्योत्स्ना पोरीला घेऊन उभी होती. गालावर नुसते फिकट डाग.

“अक्का!” तिनं वरून हाक मारली. “नाव राहिलंय!”

“ठेवलं की!”

“ते तुम्ही आणि तिनं ऐकलं. आम्ही नाही. परत सांगा. तिथूनच. आम्हाला ऐकू येईल असं.”

अंगणात डबे घेऊन बसलेले नातेवाईक होते, राखणदार होता, कुणाचा तरी पाय प्लास्टरमध्ये होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पदर खोचला, तोंडाशी दोन्ही हातांचा कर्णा केला आणि गुलमोहरावरचे कावळे उडतील असं कुर्रर्र केलं.

“ऋ-तु-जा!”

“काय?” खिडकीतून.

“ऋतुजा! थर्माकोलवर होतं तेच!”

टाळ्या पडल्या. राखणदारानं विचारलं, “बाई, बारसं का?” आणि मागून माझ्या पाठीत धपका बसला. वळून बघते तर विट्याच्या काकी. डबा घेऊन आल्या होत्या. “आत्याच्या पाठीत धपके घालायचे असतात,” म्हणाल्या. मी मोजले. पुन्हा नऊच.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. ऋतुजाची दृष्टी इतकी चांगली आहे, की मी दूरवर उभी राहून तोंडात काय टाकलं तेही तिला कळतं. इसब थंडीत अजून कोपराला येतं. ती मलम लावते, माझ्या ओठाकडे बघते आणि मगच गळ्यात पडते. गेल्या महिन्यात तिच्या थोरल्या मामेभावाला मुलगी झाली. कपाट आवरताना ज्योत्स्नानं ती वही ऋतुजाच्या हातात दिली, आणि ऋतुजानं माझ्या. “घे आत्या, तुझी आहे. मी वाचली. हसून हसून मेले.”

मी बावीस वर्षांत ती पाहिली नव्हती. चौदा ओळींसमोर माझ्या सुंदर अक्षरातले चौदा ‘नाही’. पंधराव्या ओळीचा शेवटचा रकाना मी कोराच सोडला होता. तिथं ज्योत्स्नाच्या बारीक, तिरक्या अक्षरात, शाई उडत चाललेली, लिहिलेलं होतं:

‘टेम्पो काढायला लावला. गुण आला.’